उजवा दरवाजा

गाडी दुकानासमोर लागली की कानसेन आधी इंजिन बंद करायला लावत, मग सगळ्या काचा वर. मग चपला बाहेर काढून ते मागच्या सीटवर बरोबर मधोमध जाऊन बसत, दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवत आणि डोळे मिटून घेत. बाहेर गाडीचा मालक ताटकळत उभा, आणि आत हा माणूस तिसरी घंटा झाल्यासारखा स्तब्ध.

"हं, लावा," ते म्हणत.

गाणं सुरू होई. एखादं कडवं संपेपर्यंत कानसेनांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. मग एक बोट वर जाई. "पुढचा डावा कुणीतरी उलटा जोडलाय. एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. ढोल बिचारा मधल्यामध्ये मेला." किंवा, "मागच्याचा पडदा फाटलाय. घसा बसलेल्या नटासारखा वरच्या सुरात खरखरतोय."

"अहो, पण अजून तुम्ही काही उघडलंसुद्धा नाही!" गिऱ्हाईक म्हणे.

"उघडल्यावर दिसतं," कानसेन म्हणत. "ऐकायला मिटावं लागतं."

असं बोलणं त्यांना शोभत असे, कारण ते मुळात नाटकाच्या दुनियेतले. तरुणपणी एका नाट्यगृहात ते ध्वनिक्षेपणाचं काम बघत. तालमीच्या वेळी रिकाम्या खुर्च्यांत मधोमध बसायचं आणि कुणाचा आवाज कुठवर पोचतो ते सांगायचं. कितीही मोठा नट असो, ह्या पोरसवदा माणसाने मान हलवली की वाक्य पुन्हा म्हणावं लागे. एका जुन्या नायिकेने एकदा वैतागून म्हटलं होतं, "मेला गात नाही, बोलत नाही, नुसता ऐकतो. तानसेन नाही, कानसेन आहे हा!" तेव्हापासून खरं नाव फक्त लग्नाच्या पत्रिकेत वापरलं गेलं. पुढे नाट्यगृहाला कुलूप लागलं, नट पांगले, पडदे कुणीतरी गाद्यांच्या खोळींसाठी नेले. कानसेन धाकट्या भावाला घेऊन गाड्यांकडे वळले. "गाडी म्हणजे तरी काय," ते म्हणत, "चाकांवरचं नाट्यगृहच. खुर्च्या कमी, एवढंच."

दुकान म्हणजे दोन गाळ्यांच्या मधली अरुंद जागा. भिंतीवर वायरींची भेंडोळी, फळीवर निकामी स्पीकर पालथे घातलेले, आणि शटरच्या वर लावलेला एक जुना कर्णा, जो वाजत नसे, पण ज्याच्यामुळे लोकांना दुकान सापडे. कानसेन डावखुरे. त्यामुळे पहिल्या दिवसापासून वाटणी ठरलेली : गाडीचा डावा दरवाजा दादाचा, उजवा धाकट्याचा. दोघं दोन बाजूंनी एकदमच दरवाजाच्या आतल्या पट्ट्या उघडत, स्पीकर काढत, वायरींचे सांधे तपासत. एकमेकांकडे न बघता पेचकस पलीकडे द्यायची त्यांना इतकी सवय झाली होती, की बघणाऱ्याला वाटावं, चार हातांचा एकच माणूस काम करतोय.

दोष शोधायची कानसेनांची एक रीत होती. तिला ते अदलाबदल म्हणत. उजवीकडचा आवाज मंद आहे ना? मग गाणं वाजवणाऱ्या यंत्रामागच्या दोन वायरी आपसात बदला. मंदपणा डावीकडे गेला, तर दोष यंत्रात. उजवीकडेच राहिला, तर स्पीकरांच्या जागा बदला. स्पीकरबरोबर मंदपणा चालत गेला, तर स्पीकर खराब. तरीही तिथेच ठाण मांडून बसला, तर वायर.

"दोन नटांनी भूमिका बदलल्या," ते धाकट्याला सांगत, "आणि तरी नाटक त्याच जागी अडखळलं, तर नटांना कशाला बोल लावायचा? चूक त्या जागेत असते."

धाकटा हे इतक्या वेळा ऐकून होता की दादा "दोन नटांनी" म्हणाले की तो पुढचं स्वतःच पुटपुटून टाकी.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना अलीकडे उजव्या दरवाजांची कटकट सुरू झाली होती.

जी गाडी येई तिचा उजवा आवाज कानसेनांना कच्चा वाटे. दुरुस्ती झाली, सगळं जोडलं, ते मागे मधोमध जाऊन बसले, की पुन्हा तेच. सुरुवातीला त्यांनी कारखान्यांना दोष दिला. "हल्ली उजवे स्पीकर कच्चेच येतात," असं ते अगदी गंभीरपणे म्हणाले, आणि धाकट्याने विचारलं, "कारखान्यात त्यांना कसं कळतं दादा, कुठला उजव्या बाजूला जाणार ते?" त्यानंतर कानसेनांनी कारखान्यांचं नाव सोडून दिलं. पण मनात दुसराच संशय घर करून बसला. उजवा दरवाजा कुणाचा? धाकट्याचा. म्हणजे धाकट्याचा हात बिघडला होता.

आता ते धाकट्याचे सांधे हळूच उकलून पुन्हा करू लागले. तरी फरक पडेना, म्हणून शेवटी आवाजाचा तोल उजवीकडे थोडा सरकवून देत आणि गाडी सोडत. एका गिऱ्हाइकाने "उजवीकडून जरा जास्त येतंय का?" असं विचारलं, तर त्याला म्हणाले, "चांगला आवाज ऐकायची सवय व्हायला वेळ लागतो." तो बापडा मान डोलावून गेला. कानसेनांनी लावलंय म्हटल्यावर कोण बोलणार?

धाकट्याला मात्र ते बोलले होते. "डोळे तपासून घे एकदा. सांधे नीट बसत नाहीत तुझे." आणि धाकटा मुकाट्याने जाऊन चष्मा घेऊन आला होता. नवाकोरा, काळ्या काडीचा. तो लावून त्याने पुढच्या गाडीचा उजवा दरवाजा केला. कानसेन मागे बसले, डोळे मिटले, आणि त्यांनी नुसता सुस्कारा सोडला. धाकट्याने तो ऐकला.

मग एके दिवशी सकाळची शाळा भरल्यावर व्हॅनवाल्या ताई आल्या.

ह्या ताई शाळेच्या मुलांची ने-आण करत. मुलांनी गोंधळ घालू नये म्हणून व्हॅनमध्ये गोष्टी लावत, कुणीतरी बाई छान हावभाव करून सांगते तशा. थोड्याच दिवसांपूर्वी उजवा स्पीकर फाटला म्हणून कानसेनांनी नवा बसवून दिला होता.

"काका, स्पीकर तुम्ही झकास बसवलात," ताई म्हणाल्या, "पण माझ्या व्हॅनमध्ये युद्ध पेटलंय."

"का हो?"

"डावीकडच्या पोरांना गोष्ट ऐकू येत नाही. सगळ्यांना उजवीकडे बसायचंय. काल एकाने दुसऱ्याच्या दप्तरावर बसून जागा धरली, खाली डबा होता. आता गोष्ट सुरू झाली की कोल्ह्याचा आवाज येईपर्यंत निम्मी पोरं रडत असतात."

धाकटा हसला. कानसेन हसले नाहीत.

"ताई, त्याचं कारण मी सांगतो. उजवी बाजू मुळात मंद होती, म्हणून मी तोल उजवीकडे सरकवला. मूळ दोष राहून गेलाय. तो काढतो, म्हणजे तोल मध्यावर आणता येईल."

"काढा बाई. शाळा सुटायच्या आत मात्र हं."

कानसेनांनी तोल मध्यावर आणला आणि मधल्या बाकावर जाऊन बसले. गोष्टीतली बाई बोलू लागली. उजवीकडून ती तोंडावर पदर धरून बोलल्यासारखी येत होती. त्यांनी डोळे उघडले आणि ताईंच्या देखत म्हणाले, "सांधा बघ तुझा."

धाकट्याने चष्मा नाकावर सरकवला, दरवाजाची पट्टी उघडली, सांधा दाखवला. स्वच्छ होता. कानसेनांनी तो तरीही कापला. नवीन केला. फरक नाही. मीटर लावून स्पीकर मोजला, ठीक. लहानसा सेल क्षणभर टेकवला. पडदा टपकन पुढे आला, म्हणजे जोडणीही सरळ. दरवाजा आणि गाडीच्या मधल्या रबरी नळीत, दरवाजाच्या उघडझापीने वायरी आतल्या आत तुटतात, म्हणून तिथली वायरच बदलली. फरक नाही.

"अदलाबदल," कानसेन म्हणाले.

यंत्रामागच्या वायरी बदलल्या. मंदपणा उजवीकडेच. स्पीकरांच्या जागा बदलल्या. मंदपणा उजवीकडेच. आता उजव्या दरवाजात डाव्याचा स्पीकर होता, डावीकडचा सूर होता, कोरी करकरीत वायर होती, आणि कानसेनांच्या हातचा सांधा होता. तरी बाई तोंडावर पदर धरूनच बोलत होती.

"दादा, आता बदलायचं काय राहिलं?" धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "उजवीकडे माझं असं काहीच उरलं नाहीये आता."

कानसेन उत्तर द्यायच्या आधी त्यांच्या हातातला स्क्रू निसटला आणि बाकाच्या पाठीमागे पडला. ते बाकावर गुडघे टेकून मागे वळले आणि वाकून स्क्रू चाचपू लागले. गोष्ट चालूच होती.

आणि बाईने पदर काढला.

उजव्या दरवाजातून आवाज लख्ख, काचेसारखा येऊ लागला. मंद झाला होता तो डावा दरवाजा.

कानसेन तसेच थांबले. मग हळूच पुढे वळून बसले. उजवा मंद. पुन्हा गुडघ्यांवर उभं राहून मागे तोंड केलं. डावा मंद. व्हॅन जिथे होती तिथे होती, स्पीकर आपापल्या दरवाजात होते. जागा एकाच गोष्टीने बदलली होती, आणि मंदपणा तिच्याबरोबर इमानदार कुत्र्यासारखा फिरत होता.

ही रीत त्यांची स्वतःची होती. तिने कधी दगा दिला नव्हता.

"सापडला का?" धाकट्याने बाहेरून विचारलं.

कानसेनांना "हो" म्हणता आलं नाही. नुसतीच मान इकडेतिकडे झाली. बाकाच्या मागे वाकलेल्या माणसाची ती मान धाकट्याला दिसली, आणि तिचा त्याने आता सवयीचा झालेला अर्थ घेतला : दोष पुन्हा आपल्याच हाताचा. पेचकस रुमालात पुसला, फळीवर नीट जागेवर ठेवला.

"उद्यापासून उजवा दरवाजाही तूच कर," तो म्हणाला. "मी येत नाही."

त्याला हाक मारायला एकच शब्द पुरला असता. रंगमंचावर कधीकधी असं होतं. वाक्य तोंडपाठ असतं, समोरचा वाट बघत उभा असतो, आणि तोंड उघडत नाही. धाकटा गेला. कानसेनांनी पट्ट्या अर्ध्यामुर्ध्या अडकवल्या आणि ताई आल्यावर म्हणाले, "आज काम अर्धं राहिलंय. उद्या सकाळी आणाल का?"

"पण दोष कळला ना?"

"कळला," कानसेन म्हणाले. एवढं मात्र खरं बोलले.

घरी बायको मटार सोलत बसली होती. कानसेन नेहमीच्या खुर्चीत बसले आणि तिच्याकडे बघत राहिले. ती टेबलाच्या डाव्या बाजूला होती. पूर्वी ती उजवीकडे बसायची. तिथून स्वयंपाकघर एका हाताच्या अंतरावर होतं. आता प्रत्येक वेळी तिला टेबलाला वळसा घालावा लागत होता.

"तू ह्या बाजूला कधीपासून बसायला लागलीस?"

ती थांबली नाही, शेंगा सोलत राहिली. "ज्या दिवसापासून तुम्ही उत्तरं द्यायला लागलात त्या दिवसापासून."

"म्हणजे?"

"तिकडून काही विचारलं तर तुम्ही भिंतीसारखे बसायचे. आधी वाटलं रागावलात. मग वाटलं म्हातारे झालात. एकदा इकडून विचारलं तर लगेच ओरडलात, म्हटलं अच्छा, असं आहे होय! रस्त्यानेसुद्धा मी तुमच्या डावीकडूनच चालते. लक्षात नाही आलं?"

"मग बोलली का नाहीस?"

"कानसेनाला जाऊन सांगू, की तुमचा कान गेलाय म्हणून?" तिने ओंजळभर दाणे भांड्यात टाकले. "डॉक्टरांची वेळ घ्यायचं माझ्या जिभेवर आलेलंच आहे. तुमच्या 'हो'ची वाट बघतेय."

"घे," कानसेन म्हणाले. मग एक शेंग उचलून, "मी त्याला चष्मा घ्यायला लावला गं."

"भावजींना? मग मला सांगून काय उपयोग? जिना चढून वर जा."

धाकटा त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहत होता. जिना लहान होता. पण त्या संध्याकाळी कानसेनांना तो चढवला नाही. लोक आपल्याकडे कशासाठी येतात ह्याचा ते विचार करत राहिले. दुकानात मीटर होता, सेल होता, वायर होती. असं सामान तर कुणाकडेही असतं. मधोमध बसणारा माणूस फक्त त्यांच्याकडे होता. तोच वजा केला तर शटरच्या वरचा तो मुका कर्णा तेवढा शिल्लक राहत होता. आणि गावभर आपण तोल ढळलेल्या किती गाड्या सोडल्या आहेत! लोक उजवीकडे झुकलेली गाणी ऐकत, आपलं नाव घेत, सुखाने हिंडतायत. ठासून बोलली ती फक्त पोरं. त्यांना कानसेन कोण ते माहीत नव्हतं.

सकाळी ते वर गेले. धाकटा बनियनवर वर्तमानपत्र वाचत बसला होता. दारातल्या माणसाकडे त्याने मुद्दाम पाहिलं नाही.

"सांधा चांगला होता," कानसेन दारातूनच म्हणाले.

"कुठला?"

"सगळेच."

"का? स्वप्नात येऊन कुणी सांगितलं?"

"माझा उजवा कान गेलाय."

"कुठे गेला?" धाकट्याच्या तोंडून सवयीने निघालं. मग त्याने दादांचा चेहरा पाहिला आणि वर्तमानपत्र खाली ठेवलं.

कानसेनांनी सगळं सांगितलं. स्क्रू, गुडघे, पुढे तोंड, मागे तोंड. सांगताना ते खोलीत मधोमध उभे राहून वळूनही दाखवत होते, त्यामुळे धाकट्याची बायको चहा घेऊन आली ती दारातच थबकली. धाकटा मात्र एकेक पायरी मनात जोडत ऐकत होता.

"म्हणजे यंत्र बदललं, स्पीकर बदलला, वायर बदलली," तो हळूहळू म्हणाला. "प्रेक्षक बदलायचा राहिला होता."

"हो."

"म्हणजे माझा सांधा चांगला होता."

"होता म्हटलं ना."

"परत म्हण."

"सांधा चांगला होता, गाढवा!"

"आता ह्या बाजूने येऊन म्हण. मला आज दोन्ही कानांनी ऐकायचंय." धाकट्याने चष्मा काढून समोर धरला. "आणि हे? हे नाकावर घेऊन मी कशासाठी फिरतोय?"

"राहू दे. त्यात जरा शहाणा दिसतोस."

धाकटा हसला आणि एक कप दादांपुढे सरकवला. चहा निवत होता.

"लोक माझ्या कानासाठी येतात रे," कानसेन म्हणाले. "मागे आता कोण बसणार?"

"माझ्याकडे बघू नकोस. मला मधलं काही कळत नाही. मला दरवाजा कळतो."

"कळायचं काय त्यात? ऐकायचं कशासाठी ते मी सांगतो. तुला दोन कान आहेत, तेवढे तू आण."

व्हॅन आली तेव्हा दोघं दुकानात होते. वायरी आणि स्पीकर आपापल्या जागी परत गेले. डावा कानसेनांनी बसवला, उजवा धाकट्याने. मग दोघंही व्हॅनच्या दाराशी घुटमळले. धाकट्याने चपला काढल्या, पण पाऊल आत घालेना.

"चढ."

"दादा, तुझी जागा आहे ती."

"माझी जागा पुढे, तोलाच्या खटक्यापाशी. चढ आता, ताईंची पोरं सुटतील."

धाकटा मधल्या बाकावर बसला, अवघडून, न्हाव्यासमोर बसल्यासारखा. कानसेनांनी गोष्ट लावली. तोल त्यांनी मुद्दामच पुन्हा पूर्वीसारखा, उजवीकडे झुकलेला ठेवला.

"काय ऐकू येतंय?"

"बाई बोलतेय. सगळीकडून सारखीच वाटतेय. मी म्हटलं होतं, मला कळत नाही म्हणून."

"डोळे मीट. बाई काय बोलते ते सोडून दे. ती उभी कुठे आहे ते सांग."

"उभी?"

"समोर काच आहे. काचेच्या मध्यावर आरसा. तुझ्यासमोर रंगमंच आहे असं समज. ती कुठल्या जागी उभी राहून बोलतेय?"

धाकट्याने चष्मा काढून हातात घेतला, डोळे मिटले. मान थोडी पुढे आली. इतकी वर्षं कानसेनांनी ही मुद्रा आतून जगलेली होती. बाहेरून ती कशी दिसते ते त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"अरे," धाकटा म्हणाला. "उजवीकडे आहे. अगदी कोपऱ्यात, विंगेला टेकून."

कानसेनांना ती अगदी आरशाखाली ऐकू येत होती.

त्यांनी खटका डावीकडे फिरवला. एक घर. "आता?"

"निघाली तिथून."

आणखी एक. त्यांच्यापुरती बाई आरसा सोडून डावीकडे सरकली. "आता?"

"येतेय. अजून थोडी."

आणखी. आता त्यांच्या कानात ती डाव्या खिडकीशी जाऊन उभी होती, जवळजवळ गाडीबाहेर. त्यांचा हात तिथे थांबला. आयुष्यात कधी त्यांनी असा वाकडा आवाज गाडीत ठेवला नव्हता. बोटं आपोआप मागे फिरू पाहत होती.

"दादा, थांबलास का? अजून एक."

कानसेनांनी खटका फिरवला.

"आली," धाकटा डोळे मिटूनच म्हणाला. "आरशाखाली. बास."

कानसेनांनी हात काढून घेतला. बाई कोल्ह्याचा आवाज काढत होती. त्यांना ती डावीकडून, खिडकीच्या पलीकडून कुठूनतरी येत होती, आणि त्यांनी तिला तिथेच राहू दिलं.

ताईंनी दारातून डोकं आत घातलं. "झालं का काका? आज मध्ये हे बसलेत वाटतं?"

"हो," कानसेन म्हणाले. "यंत्र बरोबर होतं ताई. बसणारा बदलला."

त्या गेल्यावर दोघं शटरच्या सावलीत उभे राहिले. कानसेन बोटांवर गाड्या आठवू लागले. माणसांची नावं त्यांना कधीच लक्षात राहत नसत, दोष राहत. "ती पांढरी, दरवाजा उघडला की गाणं बंद व्हायचं ती. मग त्या प्राध्यापिकाबाईंची, शिट्टी वाजणारी. आणि तो, ज्याला मी म्हटलं सवय व्हायला वेळ लागतो."

"त्याला आधी बोलाव," धाकटा म्हणाला. "तो बिचारा अजून सवय करत असेल."

कानसेन हसले. मग धाकटा काहीतरी पुटपुटला, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी विचारलं, "काय?"

धाकटा त्यांच्या मागून वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला, आणि म्हणाला, "पांढरीपासून सुरू करू म्हटलं. पेचकस दे."